खेळाची फी ही शिक्षणाचीच फी आहे

जून उजाडला की आपल्या घरांत एक हिशेब मांडला जातो. शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, रिक्षावाल्या मामूंचे महिन्याचे पैसे, ट्यूशन, घरी अरबी शिकवायला येणाऱ्या हाफिजसाहेबांचं मानधन. ओढाताण होते, पण या प्रत्येक खर्चाला घरात मान आहे. गणित शिकायला पैसे कशाला, असं कुणी विचारत नाही. मग घरातलं अकरा वर्षांचं पोर हळूच म्हणतं, “अब्बा, मैदानावर सर शिकवतात, त्यांच्याकडे नाव घालू का? महिन्याला आठशे रुपये आहेत.” आणि उत्तर येतं, “खेळायला कसले पैसे? गल्लीत खेळ की!”

असं म्हणणारे अब्बा कंजूष नसतात, मुलाचं वाईटही चिंतत नसतात. त्यांच्या लेखी खेळ म्हणजे वेळ घालवणं, आणि वेळ घालवायला पैसे मोजणं त्यांना पटत नाही. या संपादकीयात त्याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. खेळाच्या प्रशिक्षणाची फी हा करमणुकीचा खर्च नाही, शिक्षणाचा आहे. घरच्या हिशेबात तो ट्यूशनच्या शेजारच्या ओळीत लिहायला हवा.

तालीम आणि तालीम

आपल्यापैकी बरेच जण घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलतात आणि बाहेर मराठी. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे पैलवान घडतात ती जागा. शब्द एकच, अरबीतून आलेला. तालमीत शिकवणारा ‘वस्ताद’ म्हणजे आपला ‘उस्ताद’. पैलवान, कुस्ती, खुराक, मैदान हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. शरीर घडवण्याच्या जागेला या मातीने शिक्षणाचंच नाव दिलं.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आणि तालमींना आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. त्या परंपरेत आपली माणसं कधी पाहुणी नव्हती. महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांत इस्माईल शेख, मुन्नालाल शेख, सईद चाऊस ही नावं आहेत. तालमीतल्या पोराच्या खुराकासाठी घरची म्हैस बांधली जायची, वेळप्रसंगी गाव वर्गणी काढायचं. खेळासाठी पैसे मोजायचे असतात, ही गोष्ट आपल्या आजोबांना ठाऊक होती. मधल्या काळात ट्यूशन क्लासचा बोर्ड मोठा होत गेला आणि ती आपल्या विस्मरणात गेली.

पैसे देऊन नेमकं काय मिळतं?

गल्लीतला खेळ वाईट नाही. तो राहायलाच हवा. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय भांडणं, तडजोडी आणि स्वतः बनवलेले नियम मुलं तिथेच शिकतात. पण प्रशिक्षणात जे मिळतं ते गल्लीत मिळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे चूक दाखवणारा माणूस. गल्लीत वेगात बॉल टाकणाऱ्या पोराला टाळ्या मिळतात. त्याचा पुढचा पाय चुकीचा पडतोय, पाठीवर ताण येतोय, हे कुणाला दिसत नाही. प्रशिक्षकाला ते दिसतं आणि पाठ दुखायला लागण्याआधी दिसतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कुणाचाही कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. नवीन आलेल्या मुला-मुलींना पहिले काही महिने हेच जड जातं. कुणी चूक दाखवली की काहींचा चेहरा पडतो, काही वाद घालतात. आपली चूक ऐकून घ्यायची, दुरुस्त करायची आणि त्यात आपला अपमान झाला असं मानायचं नाही, ही सवय बाविसाव्या वर्षी लावून घेणं कठीण असतं. बाराव्या वर्षी मैदानावर ती लवकर लागते, कारण सर दिवसातून वीस वेळा म्हणतात, “कोपर खाली, परत कर.”

दुसरी गोष्ट वेळेची. सहाला मैदानावर म्हणजे सहाला. पाऊस असो, आदल्या रात्री लग्नाहून उशिरा आलेलो असो. फी भरलेली असली की घरचेही उठवतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसातला एक तास कायमचा बांधला गेला की उरलेल्या तेवीस तासांनाही आकार येतो. संध्याकाळी सातला घरी येऊन भुकेलेला, दमलेला मुलगा रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर रील बघत बसत नाही. त्याला झोप येते.

तिसरी गोष्ट हरणं. आपल्या शिक्षणव्यवस्थेत मूल वर्षातून एकदोनदा निकाल पाहतं आणि नापास झालं तर घरात मातम होतो. खेळात दर आठवड्याला कुणीतरी हरतं. चारचौघांत हरतं, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतं आणि मंगळवारी पुन्हा सरावाला येतं. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेल्या, कॅम्पस मुलाखतीत नाव न आलेल्या तरुणांना आपण सगळेच पाहतो. काही महिन्यांत उभे राहतात, काही वर्षानुवर्षं खोलीतून बाहेर येत नाहीत. हरून परत येण्याचा सराव हाताशी असेल तर त्या वेळी तो कामाला येतो.

चौथी गोष्ट सोबत. हे स्पष्ट बोलायला हवं. आपली बरीच मुलं आपल्याच मोहल्ल्यात वाढतात, आपल्याच शाळेत शिकतात आणि कॉलेजात जाईपर्यंत दुसऱ्या समाजातला एकही जवळचा मित्र नसतो. पलीकडच्या मुलांचंही तेच. मग एकमेकांबद्दलची माहिती व्हॉट्सॲपवरून येते. कबड्डीत साखळी करताना मात्र शेजारच्याचा हात धरावाच लागतो. रिलेत बॅटन देताना आडनाव विचारायला वेळ नसतो. रोज एकत्र घाम गाळणारी, एकाच बाटलीतलं पाणी पिणारी मुलं एकमेकांबद्दल ऐकीव गोष्टींवर सहज विश्वास ठेवत नाहीत. सलोख्यावरच्या आपल्या दहा परिसंवादांनी जे होत नाही ते इथे न बोलता होऊ शकतं. म्हणून शक्य असेल तिथे मोहल्ल्याबाहेरच्या, सर्वांच्या मैदानावरच नाव घाला.

पाचवी गोष्ट शरीर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. इकडे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाच्या रुग्णांची संख्या १० कोटींच्या वर आहे. आपल्या उपखंडातल्या लोकांना हा आजार तुलनेने कमी वयात आणि कमी वजनावरही गाठतो. आपल्या घरांतली दस्तरखानं आणि दावती बघता ही दुसऱ्यांची बातमी नाही. चाळिशीत डॉक्टर “रोज चाला” म्हणतात तेव्हा ज्याच्या अंगाला हालचालीची सवय आहे तो चालू लागतो, बाकीचे सोमवारची वाट पाहतात.

कुणीतरी मोजलेले पैसे

‘हुन्नर असेल तर मूल आपोआप पुढे जातं’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. जे पुढे गेले त्यांच्या मागे मात्र कुणी ना कुणी पैसा किंवा आयुष्यातला वेळ मोजलेला दिसतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. तिथला खर्च सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही कर भरणाऱ्यांनी उचलला.

श्रीरामपूरचा झहीर खान इंजिनीअरिंगची वाट सोडून मुंबईत आला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याची गोलंदाजी घडली. २०११ च्या विश्वचषकातले त्याचे २१ बळी सगळ्यांना आठवतात. पण श्रीरामपूरच्या पोराला मुंबईत नेटमध्ये उभं करून त्याच्याकडे लक्ष देणारा कुणी भेटला नसता, तर तो आज आमच्यासारखाच कुठल्यातरी कंपनीत कामाला असता. त्यात वाईट काही नाही, पण भारताला तो डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाला नसता.

निजामाबादच्या निखत झरीनचे वडील जमील अहमद स्वतः खेळाडू. मुलींचं शिक्षण आणि खेळ यांसाठी ते सौदीतली नोकरी सोडून परत आले. निखतच्या बॉक्सिंगच्या कपड्यांवरून नातेवाइकांची बोलणी त्यांनी ऐकली. ती २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली.

ही नावं घेतली की एक धोका असतो. वाचणारा म्हणतो, माझं मूल कुठे झहीर होणार? बरोबर आहे. शंभरातली नव्याण्णव मुलं जिल्ह्याच्या पुढे जाणार नाहीत. गणिताच्या ट्यूशनला जाणारं प्रत्येक मूल तरी कुठे गणितज्ञ होतं? तरीही आपण फी भरतो, कारण हिशेब आला पाहिजे. खेळाचंही तेच आहे. जो प्रशिक्षक पहिल्याच भेटीत तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला आयपीएलचं स्वप्न दाखवतो, त्याच्यापासून लांबच राहिलेलं बरं.

नेहमीच्या अडचणी

पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण खेळा-खेळांत फार फरक असतो. क्रिकेटचं किट, टेनिसचं कोर्ट, पोहण्याचा तलाव महाग पडतो. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावण्यासारख्या मैदानी खेळांना बुटांपलीकडे फारसं काही लागत नाही. तालुका आणि जिल्हा क्रीडा संकुलांत खासगी अकादमीपेक्षा कमी फीत शिकायला मिळतं का, ते आधी जाऊन विचारा. महिन्याला आठशे म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये. ज्या घरात मुलाला पंधरा हजारांचा फोन हप्त्याने येतो, लग्नात एक गोड पदार्थ कमी पडला म्हणून रुसवे होतात, तिथे हा आकडा बसत नाही असं नाही. त्याला यादीत जागा दिलेली नसते. आणि ज्यांच्याकडे खरोखर नाहीत त्यांच्यासाठी काय करता येईल, ते पुढे सांगतो.

अभ्यास बुडतो, ही दुसरी अडचण. आपल्याकडे नववी लागली की बॅट माळ्यावर जाते. याच वयात मुलावर सगळ्यात जास्त ताण असतो आणि तेव्हाच आपण तो ताण उतरण्याची जागा बंद करतो. परीक्षेच्या महिन्यांत सराव सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आणा, पण बंद करू नका. एकदा तुटलेली सवय अकरावीत परत येत नाही. शिवाय महाराष्ट्रात दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना वाढीव गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि रेल्वे व सैन्यदल खेळाडूंना घेतात. हे बोनस समजा. त्यासाठीच खेळायला लागलात तर निम्म्या वाटेवर निराश व्हाल.

तिसरी अडचण मुलींची. सातवीपर्यंत शाळेच्या संघात पळणारी मुलगी आठवीत दिसत नाही. घरी विचारलं तर कपडे, वेळ, लोक काय म्हणतील. लोकांच्या बोलण्यावर मार्ग नाही, बाकीच्यांवर आहे. फिफाने २०१४ मध्ये हिजाब घालून फुटबॉल खेळायला मान्यता दिली, बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये. लांब बाह्या, ट्रॅकपँट आणि डोक्यावर स्कार्फ घालून बहुतेक खेळांचा सराव होतो. पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो, मग घरातल्या मुलीच्या धावण्याला संकोच कसला? खरे प्रश्न दुसरे आहेत. मैदानाजवळ स्वच्छ शौचालय आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, शिकवायला एखादी बाई आहे का, परत येताना रस्त्यावर दिवे आहेत का. हे प्रश्न घेऊन नगरसेवकाकडे जा. चार घरांनी मिळून मागितलं तर मुलींची वेगळी बॅच बहुतेक प्रशिक्षक सुरू करतात. तेवढ्या मुली आल्या तर त्यांचंही भलंच आहे.

नमाज आणि रमजानचं म्हणाल तर प्रशिक्षकाशी आधीच मोकळं बोलून ठेवा. असर-मगरिबच्या वेळा सांभाळून बॅच निवडता येते, रोज्यांत सराव हलका करता येतो. न सांगता महिनाभर गैरहजर राहण्यापेक्षा हे बरं.

फी भरणाऱ्याचा हक्क

फुकट शिकवणाऱ्या सरांना आपण काही विचारू शकत नाही. ते आले तर उपकार, नाही आले तरी आपण गप्प. फी भरली की प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारायलाच हवेत.

सरांचं प्रशिक्षण कुठे झालं? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, शारीरिक शिक्षणाची पदवी, त्या खेळाच्या संघटनेचं प्रमाणपत्र, यांपैकी काही आहे का? एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत? चाळीस असतील तर तुमच्या मुलाचा पाय कसा पडतो ते कोण बघणार? मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आहे का? सर मारतात का? मारत असतील तर शिस्तीच्या नावाखाली ते सोसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पालकांना सराव बघायला येऊ देतात का? मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने, बंद खोलीत भेटणं, रात्री खासगी मेसेज पाठवणं, एकट्याला बाहेरगावी नेणं चालत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. चांगल्या प्रशिक्षकाला याचा राग येत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही संरक्षण देतो, आणि मूल काही सांगू लागलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक. नवव्या वर्षीच एका खेळाला जुंपून वर्षभर तेच करवून घेणं बरं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा सल्ला आहे की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकू नये. वेगवेगळे खेळ खेळलेल्या मुलांना दुखापती कमी होतात आणि त्यांचा उत्साहही टिकतो.

शिकवणाऱ्याचं घर

फीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. आपल्या गावातला विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, बी.पी.एड. झालेला भाईजान आज काय करतो, आठवून बघा. बहुतेक वेळा तो दुकानात बसतो किंवा पार्सल पोचवतो, आणि संध्याकाळी हौसेने मुलांना शिकवतो. लग्न झालं, जबाबदारी आली की तेही थांबतं आणि त्याच्याबरोबर एका खेळाचं ज्ञान त्या गावातून जातं. पन्नास मुलांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर २५,००० होतात. त्यात तो घर चालवू शकतो, मैदानाला पाणी मारू शकतो, एखाद्या मुलीला मदतनीस म्हणून ठेवू शकतो. आपण रोजगार नाहीत म्हणून तक्रार करतो आणि जो रोजगार आपल्याच खिशातून उभा राहू शकतो तिथे फुकटाची अपेक्षा ठेवतो.

आपण तरुणांनी काय करायचं?

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना अजून मुलं नाहीत. पण धाकटी भावंडं आहेत, भाचे-पुतण्या आहेत, आणि काहींच्या हातात पगार येऊ लागला आहे. म्हणून एक साधी योजना सुचवतो.

कमावते पाच मित्र किंवा मैत्रिणी एकत्र या. प्रत्येकाने महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढा. त्यातून मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलांची फी थेट प्रशिक्षकाला द्या आणि पावती घ्या. त्यात निम्म्या मुली असू द्या. घरच्यांनाही शंभर-पन्नास रुपये भरायला सांगा, म्हणजे मूल रोज जातंय की नाही यावर त्यांचं लक्ष राहतं. जबाबदारी एका वर्षाची घेऊ नका, किमान तीन वर्षांची घ्या, कारण वर्षभरात सुटलेली सवय कुणाच्याच कामाची नसते. यात जकात चालते का, हा प्रश्न आपापल्या आलिमांना विचारा. नफली सदक्याला तर कुणाची हरकत नसावी. मदत कुणाला मिळते हे मैदानावर कुणाला कळता कामा नये, मुलांना तर मुळीच नाही.

आणि घरात तुमचा शब्द चालत असेल, तर येत्या जूनमध्ये अम्मी-अब्बांबरोबर हिशेबाला बसा. धाकट्याच्या ट्यूशनचा आकडा लिहून झाला की त्याच्या खाली मैदानाची फी लिहा. अब्बा विचारतील, “खेळायला कसले पैसे?” तर सांगा, ही पण तालीमच आहे.